सायकलीचा बस्ता

सायकलीच्या दुकानात शिरलेला मराठी माणूस रंगाबद्दल सगळ्यात शेवटी विचारतो, आणि विचारताना आवाज जरा खाली आणतो. आधी तो गिअर किती ते विचारतो. सायकल दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतो, टायरवर अंगठा दाबून जाणकार चेहरा करतो, ब्रेक दोनदा दाबतो, वॉरंटी कशाकशावर आहे ते खोदून खोदून विचारतो, ‘जिमखान्यावर यापेक्षा स्वस्त मिळते’ असं ठोकून देतो आणि मग, आत्ताच आठवल्यासारखं करून म्हणतो, ‘रंग काय काय आहेत हो यात?’ दुकानदार तीन रंग सांगतो. ‘कुठलाही द्या, रंगाचं काय एवढं,’ असं म्हणून गृहस्थ स्टुलावर बसतात. त्यापुढचा पाऊण तास फक्त रंगावर जातो.

रंग बघून वस्तू घेणं हे उथळपणाचं लक्षण, असं आपल्या डोक्यात लहानपणापासून बसवलेलं असतं. त्यामुळे निळी आवडली तर ‘निळी आवडली’ असं सांगायची सोय नाही. ‘निळ्यावर धूळ कमी दिसते’ असं सांगावं लागतं. लाल घेणारा ‘ट्रकवाल्याला लांबून दिसते’ म्हणतो. काळी घेणारा ‘चोराचं लक्ष जात नाही’ म्हणतो. पांढरी घेणारा ‘उन्हात तापत नाही’ म्हणतो. वर बसलेला स्वतः तापून लाल झाला तरी हरकत नाही, फ्रेम गार राहिली पाहिजे. माझं निरीक्षण असं की कारण जितकं व्यवहारी, तितका तो रंग घरून निघतानाच मनात ठरलेला असतो.

आमच्या आधीच्या पिढीला हा ताप नव्हता. सायकल काळी असे. क्वचित हिरवी असे, पण तीही अशी हिरवी की दिवेलागणीनंतर काळीच. नॉटिंगहॅमची रॅले असो, आसनसोलची सेन-रॅले असो, सोनीपतची अ‍ॅटलस असो की लुधियानाची हिरो, रंगाच्या बाबतीत सगळ्या एकाच घराण्यातल्या. काळा इनॅमल स्वस्त, भट्टीत भाजला की टणक, खालचं सगळं पोटात घालणारा आणि उन्हात न विटणारा. त्यामुळे कारखानदार खूश, आणि गिऱ्हाइकाला कुणी विचारलेलंच नव्हतं.

पण रंग एकच म्हणून हौस थोडीच मरते? ती बाकीच्या जागी गेली. काळ्या फ्रेमवर बारीक सोनेरी रेघ असायची, लांब केसांच्या ब्रशाने एका दमात ओढलेली. अ‍ॅटलसने तर आपल्या एका सायकलीचं नावच गोल्डलाइन ठेवलं होतं. चेनकव्हरवर मालकाचं नाव पेंटरकडून घालून घेत. गावातला पेंटर बहुधा सिनेमाचे बोर्ड रंगवणारा, त्यामुळे ‘पाटील गुरुजी, जि. प. शाळा’ ही अक्षरं लाल-पिवळ्या ज्वाळांतून बाहेर यायची. मागच्या मडगार्डचं टोक पांढरं आणि त्यावर लाल काच. इंग्लंडात रात्री मोटारवाल्यांना सायकल दिसावी म्हणून हा पांढरा पट्टा आला, महायुद्धाच्या ब्लॅकआउटमध्ये तर तो सक्तीचा होता. आपल्याकडे तो शोभेचा म्हणून राहिला, आणि पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यावर बदाम काढला.

हबवर रंगीत केसाळ कडं बसवायचं. चाक फिरलं की ते गरगर फिरायचं. ते कशासाठी, असं वडिलांनी विचारलं की उत्तर तयार: ‘हब आपोआप पुसला जातो.’ स्पोकांत रंगीत मणी घालायचे, त्यांचं कारण विचारलं तर ‘आवाज येतो, माणसं बाजूला होतात.’ मुठींच्या टोकाला लोंबणाऱ्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्यांना मात्र कुणालाही कारण सापडलं नाही. त्या मोठ्या माणसांनी लावल्या नाहीत त्या एवढ्याचसाठी. सीटला मखमली कव्हर आणि त्याला सोनेरी झालर. पावसाळ्यात हे कव्हर भरपूर पाणी पिऊन बसायचं आणि मालक बसला की सगळं त्याला परत करायचं. खंडेनवमीला या सायकली धुवून, तेल देऊन, हँडलला झेंडूचा हार घालून अंगणात उभ्या राहायच्या तेव्हा काळा रंग कुठे दिसायचाच नाही.

भाड्याच्या सायकलीला रंग असा नव्हताच. जो होता तो आधीच्या गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांनी नेलेला. उरलेल्या जागेत ढोबळ आकड्यात दुकानाचा नंबर.

मग रेंजर आली. सरळ हँडल, जाड टायर आणि फ्रेमवर अंधारात चमकतील असे पोपटी-गुलाबी स्टिकर. शाळेच्या स्टँडवर पहिल्यांदाच ‘कुठल्या रंगाची?’ हा प्रश्न आला, आणि काळ्या सायकलीवाल्या मुलाला पहिल्यांदाच आपली सायकल वडिलांची आहे हे कळलं. तिथून पुढे रंगांना कुणी आवरू शकलं नाही.

आज परिस्थिती अशी आहे की सायकलीचा रंग ठरवणं म्हणजे लग्नाचा बस्ता काढणं झालं आहे. शालू ठरला की भागत नाही. मग ब्लाउज, मग उपरणं, मग विहिणीची साडी शालूवर कुरघोडी करत नाही ना, हे बघावं लागतं. फ्रेम ठरली की सीट कोणतं? सीट मधाच्या रंगाचं चामड्याचं घेतलं तर हँडलची टेपही त्याच रंगाची हवी. टेप तपकिरी तर टायरच्या कडाही तपकिरी हव्यात. ब्रेकच्या वायरचं आवरण काळं चालेल की फ्रेमच्या रंगाचं? बाटलीचा पिंजरा चंदेरी घेतला तर सीटखालची नळी काळी कशी चालेल? सोनेरी चेनही मिळते. ती घ्यायची का, यावरून मी बरोबरीच्या माणसांना एकमेकांशी बोलणं बंद करताना पाहिलं आहे. आणि बस्त्याप्रमाणेच इथेही खरा खर्च शालूचा नसतो, वरच्या सामानाचा असतो.

पन्नाशीच्या आसपास पुण्यातल्या माणसाला एक विशिष्ट झटका येतो. तो कुठून तरी जुनी पोलादी फ्रेम मिळवतो आणि ‘नव्याने करून घ्यायची’ म्हणतो. घरची मंडळी याला फारसा विरोध करत नाहीत, कारण या वयातले बाकीचे झटके जास्त महाग असतात. ही फ्रेम मग भोसरीला जाते. एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले पुष्कळ. त्यांचं रोजचं काम म्हणजे कपाटं, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, विजेच्या पॅनेलची खोकी. तिथे बबलरॅपमध्ये गुंडाळलेली फ्रेम बाळंतिणीला आणावं तशा काळजीने उतरवणारा माणूस आला की कामगार हातातलं काम थांबवून बघतात.

‘रंग?’ मालक विचारतात.

‘म्हणजे बघा, जुन्या इंग्लिश मोटारींना एक हिरवा असायचा. काळपट, पण काळा नाही. सावलीत गंभीर, उन्हात जरा...’

‘नंबर सांगा.’

‘नंबर नाही, पण माझ्याकडे फोटो आहे. ढगाळ दिवशी काढलाय, त्यामुळे...’

‘काका, आज पस्तीस चालू आहे. सात हजार पस्तीस. पॅनेलचा लॉट आहे मोठा. त्यात टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा. पैसे पण कमी लागतील.’

सात हजार पस्तीस म्हणजे राल तक्त्यातला फिका राखाडी. सोसायटीच्या मीटरच्या खोलीत जो दिसतो तो. काकांच्या चेहऱ्यावरचे भाव त्या वेळी बघण्यासारखे असतात.

हा राल तक्ता जर्मनांचा. १९२७ मध्ये चाळीस रंग घेऊन त्यांनी रंगांना नंबर द्यायला सुरुवात केली. आता नेहमीच्या वापरातल्या तक्त्यात दोनशेच्या वर रंग आहेत. कारखानदारात आणि रंगाऱ्यात भांडण होऊ नये हा हेतू. पुण्यात त्याचा उपयोग उलटा झाला. पूर्वी ‘हिरवा’ म्हटलं की विषय मिटायचा. आता ‘सहा हजार पाच की सहा हजार नऊ’ यावर रविवारची सकाळ जाते, मिसळ गार होते, आणि दोन्ही रंग तक्त्यावर शेजारी ठेवले तर त्यांतला फरक वाद घालणाऱ्यांपैकी एकालाही चष्म्याशिवाय दिसत नाही.

पावडर कोटिंगची तऱ्हा अशी की रंगाची कोरडी भुकटी विजेचा भार देऊन फ्रेमवर उडवतात. ती फ्रेमला चिकटून बसते आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळून एकसंध होते. रंग पक्का बसतो, दगड उडाला तरी सहसा टवका जात नाही. पण थर जाड. नळ्या जिथे जोडलेल्या असतात तिथल्या नक्षीदार लगच्या धारा या थराखाली गोलमटोल होतात. त्या धारदार ठेवायच्या तर ओला रंग आणि चांगला रंगारी लागतो. दुसरं असं की भुकटीला कुठे जायचं आणि कुठे नाही हे कळत नाही. आटे बुचं लावून आधी झाकावे लागतात. खिडकीच्या जाळीला आटे नसतात, त्यामुळे जाळीवाल्याच्या हे ध्यानात येईलच असं नाही. आमच्या ओळखीतली एक फ्रेम अशीच बुचं न लावता भट्टीतून बाहेर आली. सायकलवाल्या मामांनी पायडलच्या आसाचा, म्हणजे बॉटमचा, कप फिरवून बघितला, उलटा करून बघितला, फुंकर मारून बघितला, आणि फ्रेम उजेडात धरून म्हणाले, ‘रंग एक नंबर बसलाय. कप बसत नाही, एवढंच.’

मग पाऊण दिवस आटे मोकळे करण्यात गेला. मामांनी त्याचे पैसे लावले नाहीत, फक्त पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फ्रेम दाखवली.

रंग ठरला तरी प्रश्न उरतोच: चकचकीत की मॅट? मॅट काळी सायकल दुकानात लढाऊ विमानासारखी गंभीर दिसते. घरी आल्यावर कळतं की तिच्यावर प्रत्येक बोट उमटतं, विशेषतः वाटेत केळी खाणाऱ्याचं. आणि तिला पॉलिश करता येत नाही. घासलं की तेवढाच भाग चकाकतो आणि कायम तसाच राहतो. मॅट सायकलवाला मी लांबून ओळखतो. चहाच्या टपरीवर सगळे चहा पीत असतात, हा फडकं काढून नळी टिपत असतो.

पण खरं घराण्यांचं भांडण फ्रेमवरून नाही, सुट्या भागांवरून आहे. एक चंदेरी पक्ष आणि एक काळा पक्ष. चंदेरी पक्षाच्या मते क्रँक, हब, सीटची नळी, ब्रेक हे सगळं आरशासारखं चमकलं पाहिजे, आणि सायकलीचा सुवर्णकाळ कार्बन फायबर आलं त्या दिवशी संपला. हे लोक कॅम्पाग्नोलो या सुटे भाग करणाऱ्या कंपनीचं नाव घेताना कानाला हात लावत नाहीत इतकंच. काळ्या पक्षाला चंदेरी भाग म्हणजे आजोबांचं घड्याळ वाटतं. काळं म्हणजे वेग, काळं म्हणजे हलकं. काळं हलकं कसं, असं विचारलं की ते तुमच्याकडे दयेने बघतात. अ‍ॅल्युमिनियमचा तोच भाग, त्यावर अ‍ॅनोडायझिंगचा तोच थर, फक्त त्यात काळा रंग जिरवलेला. वजन कुठून कमी होणार? पण वजनकाटा आणून दाखवणं हे मित्रमंडळात चांगलं दिसत नाही.

या वादात मी चंदेरीच्या बाजूचा आहे, आणि माझंही कारण अर्थातच व्यवहारी आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा गेला तर पॉलिश लावून, घासून तो घालवता येतो. काळ्यावर गेला की खालचा पांढरा धातू दिसतो आणि तो तिथेच राहतो. बुटाची टाच क्रँकला घासून घासून काळ्या पक्षाचे सगळे क्रँक वर्षभरात अर्धे चंदेरी होतातच. म्हणजे शेवटी यायचं आमच्याकडेच, तर आधीच का येऊ नये?

क्रोमची गोष्ट वेगळी. ज्याला आपण क्रोमची झळाळी म्हणतो, ती बरीचशी खालच्या निकेलची असते. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी. निकेल काळवंडू नये एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं नाव क्रोमचं होतंय आणि मेहनत निकेलची, हे बऱ्याच कार्यालयांत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोकणात खाऱ्या हवेने या थराला बारीक छिद्रं पडली की आतून तांबेरा डोकावतो आणि चार पावसाळ्यांत सायकल ठिपक्याठिपक्यांची होते. शिवाय क्रोमची पोलादी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावर धरत नाही. ज्यांनी सळयांच्या ब्रेकची सायकल भर जुलैत सेनापती बापट रस्त्याच्या उतारावर चालवली आहे, त्यांनी ब्रेक दाबून नंतर केलेल्या देवाच्या धाव्याची लांबी त्यांनाच विचारावी. रिम मात्र शेवटपर्यंत सुरेख चमकत असायची.

जांभळ्या अ‍ॅनोडाइझ्ड भागांबद्दल थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या माउंटन बाइकवाल्यांना याचं वेड लागलं होतं, आणि ते अधूनमधून पुन्हा येतं. रंग सुंदर असतो. आपल्या उन्हात दोन एप्रिल काढले की फिका गुलाबी होतो. घ्यायचाच असेल तर सायकल जिन्याखाली ठेवा.

आता जरा इटलीकडे बघू, कारण आपल्या सायकलवाल्यांच्या सगळ्या आस्था तिकडच्या. १८८५ मध्ये एदोआर्दो बियांकी यांनी मिलानमध्ये सायकली करायला सुरुवात केली. त्या बियांकीचा चेलेस्ते रंग, म्हणजे फिकट आकाशी-हिरवा, हा सायकलविश्वातला सोवळ्याचा रंग. तो आला कुठून, याच्या कथा पुष्कळ. एक म्हणते, राणी मार्गेरिताच्या डोळ्यांचा रंग. दुसरी म्हणते, मिलानचं आकाश. तिसरी म्हणते, लष्कराच्या उरलेल्या रंगाचे डबे स्वस्तात मिळाले. मला तिसरी पटते, कारण ती माझ्या ओळखीच्या कारखानदारांशी जुळते. गंमत अशी की हा पवित्र रंगही दर काही वर्षांनी थोडा थोडा बदलत आला आहे. कधी निळ्याकडे कललेला, कधी हिरव्याकडे. फाउस्तो कोप्पी १९४९ आणि १९५२ मध्ये टूर दी फ्रान्स जिंकला तो याच सायकलीवर, त्यामुळे रंगाला वजन आलं. आमच्या एका मित्राने कष्टाने पैसे साठवून चेलेस्ते बियांकी घेतली. दिवाणखान्यात उभी केली, पडदे सारून नीट उजेड पाडला. त्याच्या आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ‘फिका चिंतामणी. माझं एक लुगडं होतं असलंच, बोहारणीला दिलं.’

सायकलवाल्यांत पूज्य असलेला दुसरा रंग म्हणजे एडी मर्क्सच्या मोल्तेनी संघाचा केशरी. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापून विक्रम केला, तो कोल्नागोने बांधलेल्या अशाच केशरी सायकलीवर. वजन कमी करण्यासाठी तिचे भाग जागोजागी भोकं पाडून पोकळ केलेले होते. आजही त्या केशरीसाठी लोक वेडे होतात. सदाशिव पेठेतल्या एका शुद्ध शाकाहारी गृहस्थांनी आपली सायकल त्या रंगात रंगवून घेतली आणि ‘आपला भगवाच आहे’ म्हणून घरच्यांनाही पटवलं. मोल्तेनी ही इटलीतली सॉसेज आणि सलामी करणारी कंपनी होती, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. हा लेख त्यांच्या हाती पडू नये अशी काळजी घ्यावी लागेल.

तसं पाहिलं तर या खेळातले बहुतेक मानाचे रंग जाहिरातीतूनच आले. टूर दी फ्रान्समध्ये आघाडीवरच्याला १९१९ पासून पिवळी जर्सी, कारण शर्यत भरवणारं ‘लोतो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापत. इटलीच्या जिरोमध्ये १९३१ पासून गुलाबी, कारण ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’चा कागद गुलाबी. टूरमधल्या डोंगरांच्या राजाला १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. तेव्हा पैसे देणारी कंपनी चॉकलेटवाली होती. आपल्या मराठी दैनिकांनी हा पायंडा पाडला असता तर विजेत्याला मळकट पांढरा सदरा मिळाला असता आणि घाम आला की त्याची शाई अंगाला लागली असती.

इटलीतल्याच दारिओ पेगोरेत्ती या कारागिराने मात्र रंग निवडण्याचा प्रश्न मुळातच उपटून टाकला. त्यांच्या रंगसंगतींत ‘चावेते’ नावाचा एक पर्याय होता. तो घेतला की गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नाही. पेगोरेत्तींना त्या दिवशी जे सुचेल ते ते फ्रेमवर रंगवणार. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या त्या सायकली आज लोक चित्रं जपावीत तशा जपतात. ही पद्धत आपल्याकडे सुरू करून बघायला हरकत नाही. पहिलंच गिऱ्हाईक ‘पैसे आम्ही द्यायचे आणि रंग तुम्ही ठरवणार?’ असं विचारेल आणि त्यानंतर दुकान भाड्याने देता येईल.

सगळ्यांची सायकल काळीच असली की काय होतं, ते माझा भाचा नेदरलँड्समध्ये भोगतो आहे. तो उट्रेख्टला असतो. तिथल्या स्टेशनखाली १२,५०० सायकली ठेवायचं वाहनतळ आहे, २०१९ मध्ये पुरं झालेलं. त्यात बहुतेक सायकली उंच हँडलच्या, काळ्या, जुनाट. चोरांचं लक्ष जाऊ नये म्हणून मुद्दाम तशा. भाच्यानेही शहाणपणाने काळीच घेतली. चोरांचं लक्ष जात नाही हे खरं, पण संध्याकाळी त्याचं स्वतःचंही जात नाही. स्वॅपफीट्सची भाड्याची घ्यावी तर तिची खूण म्हणजे पुढचं टायर निळं. आणि निळ्या टायरच्या सायकलीही तिथे ओळीने उभ्या. शेवटी ताईने इथून हिरव्या-जांभळ्या खणाचं सीटकव्हर शिवून पाठवलं. आता त्याला ती सापडते. डच लोक थांबून फोटो काढतात, आणि ताईला कॉलनीत सांगायला एक विषय झाला.

मुलींच्या सायकलीबद्दल मात्र दुकानदारांशी माझं भांडण आहे. सात-आठ वर्षांची मुलगी आई-बापांबरोबर दुकानात आली की तिला काही न विचारता गुलाबी सायकल पुढे केली जाते. पुढे टोपली, टोपलीवर फूल, मुठींना झिरमिळ्या. आमच्या शेजारच्या मुलीने ती शांतपणे बघितली आणि कोपऱ्यातल्या राखाडी सायकलीकडे बोट दाखवलं.

‘ती मुलांची आहे, बेटा,’ दुकानदार म्हणाला.

‘कुठल्या मुलांची? ते कधी न्यायला येणार आहेत?’

सायकल राखाडीच आली. आजीने नाराजी म्हणून टोपली मात्र बसवून घेतली, आणि ती मुलगी त्या टोपलीत दगड गोळा करून आणते.

भाजी आणायच्या सायकलीला कुठला रंग, असं मला विचारलंत तर मी काळाच सांगेन, आणि मागे क्रोमचं नव्हे, काळंच जाड कॅरिअर. ती मंडईबाहेर सगळ्यांच्या मोटारसायकलींच्या आरशांना घासून उभी राहणार. तिच्या रंगावर जीव लावण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याच्या सायकलीवर मात्र माणसं महिनोन्‌महिने विचार करतात. दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ नावाची सायकलसफर साडेतेरा तासांत पुरी करायची असते, म्हणजे बऱ्याच जणांना पहाटेच्या अंधारात निघायचं किंवा रात्रीच्या अंधारात परतायचं. आणि अंधारात नियम असा की अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवंच. म्हणजे फ्रेम, सीट, टेप, टायर, मोजे असं सगळं महिनाभर जुळवून आणलेला माणूस पहाटे त्यावर भडक पोपटी जाकीट चढवून उभा राहतो, आणि त्याच्यासारखेच आणखी तीस-चाळीस. रस्त्यावर झोपलेली कुत्रीसुद्धा त्यांना वेगवेगळं ओळखत नाहीत. सगळ्यांवर सारखीच भुंकतात.

एका गोष्टीकडे या सगळ्या चर्चेत कुणाचं लक्ष जात नाही. सायकलीवर बसल्यावर फ्रेमचा रंग चालवणाऱ्याला जवळजवळ दिसत नाही. वरच्या नळीचा वीतभर तुकडा मांड्यांमधून दिसतो, तोही मान खाली घालून बघितलं तर, आणि मान खाली घालून बघितलं की समोर रिक्षा आलेली असते. चेलेस्ते असो, केशरी असो की सात हजार पस्तीस, तो रंग मागून येणाऱ्यांसाठी, सिग्नलला थांबलेल्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी. तुम्हाला दिवसभर दिसतं ते हँडल, त्याचा मधला जोड, ब्रेकच्या मुठी, टेप आणि घंटी. एवढ्याच सामानावर तुमचा हक्काचा डोळा आहे, आणि नेमकं तेच लोक शेवटी उरलेल्या पैशांत, जे असेल ते, उचलतात.

तेव्हा फ्रेमचा रंग घरच्यांना ठरवू द्या. त्यांनाच तो बघायचा आहे. घंटी पितळी घ्या, हँडल आणि त्याचा जोड चंदेरी घ्या, आणि काळ्या पक्षातले असाल तर काळा घ्या, पण दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि टेप पांढरी घेऊ नका. दुकानदार सांगेल, साबणाने धुतली की स्वच्छ निघते. निघत नाही.